दक्षिण कोठे सुरू होते?

शाळेच्या वार्षिक अंकात भूगोलासारख्या रुक्ष समजल्या गेलेल्या विषयावरील लेख पाहून काही वाचक पान उलटतील, अशी भीती वाटते. त्यांना एवढीच विनंती आहे की, त्यांनी क्षणभर धीर धरावा. कारण या लेखाचे मूळ भूगोलाच्या पुस्तकात नसून प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेल्या एका चुकीत आहे.

इयत्ता आठवीच्या सहामाही परीक्षेत मी एक साधा प्रश्न घातला होता. महाराष्ट्र राज्य भारताच्या उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम यांपैकी कोणत्या विभागात येते, असा तो प्रश्न होता. बहुतेकांनी 'पश्चिम' असे लिहिले व त्यांना गुण मिळाला. एका मुलीने 'दक्षिण' असे लिहिले. मी तांबड्या शाईने फुली मारली आणि पुढच्या उत्तराकडे वळलो. उत्तरपत्रिका परत दिल्यावर ती मुलगी माझ्या मेजापाशी आली व नम्रपणे म्हणाली, "सर, माझे आईवडील दरवर्षी उसाच्या तोडणीला बेळगावच्या बाजूला जातात. लहान असताना मीही त्यांच्याबरोबर जात असे. पुस्तकात कर्नाटक दक्षिण भारतात आहे. पण आपल्या गावापासून तिथपर्यंत माती तीच, ज्वारी तीच, बाभळी त्याच. मग दक्षिण कोठे सुरू होते?"

मी तिला म्हणालो, "पुस्तकात जे आहे ते लिहावे. गुण त्याचाच मिळतो." ती काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसली. वर्गात शांतता राहिली, तास पुढे चालू झाला. परंतु त्या दिवसापासून तो प्रश्न मला सोडीना. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या चुकीच्या उत्तरावर फुली मारावी, हे त्याचे कर्तव्यच होय. पण उत्तर चूक नसून प्रश्नच अपुरा असेल, तर फुली कोणावर पडावयास हवी? या विचाराने मी पुस्तके, नकाशे व कायदे चाळू लागलो. त्यातून जे हाती आले ते विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम सरकारी व सार्वजनिक संस्थांची साक्ष घेऊ. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने देशाचे उत्तर, मध्य, पूर्व, पश्चिम व दक्षिण असे पाच विभाग पाडून प्रत्येकास एक विभागीय परिषद दिली. तीत आपले राज्य पश्चिम विभागात आहे. पाठ्यपुस्तकातील उत्तराचा आधार हाच. परंतु आमच्या जिल्ह्यातील परळी वैजनाथ स्थानकावर जाऊन उभे राहावे, म्हणजे दिसेल की ते स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत मोडते. हा रेल्वे विभाग २ ऑक्टोबर १९६६ रोजी स्थापन झाला व त्याचे मुख्य ठाणे सिकंदराबाद येथे आहे. उलट अहिल्यानगरहून बीडपर्यंत आलेला व १७ सप्टेंबर २०२५ रोजी प्रवाशांस खुला झालेला नवा लोहमार्ग मध्य रेल्वेने बांधला आहे. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला 'मध्य' तर दुसऱ्या टोकाला 'दक्षिण मध्य'.

रविवारी उपासनेस गेल्यावर आणखी निराळाच अनुभव येतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे ऐक्य होऊन जी संयुक्त मंडळी स्थापन झाली, तिचे नाव चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारताची मंडळी. आणि मराठवाडा धर्मप्रांत तिच्यातच मोडतो. दक्षिणेकडील मंडळ्यांचे ऐक्य त्यापूर्वीच, सप्टेंबर १९४७ मध्ये, मद्रास येथे झाले होते. तेव्हा बीड जिल्ह्यातील एखादा ख्रिस्ती गृहस्थ मतदार या नात्याने पश्चिमेचा, परळीच्या फलाटावर दक्षिण मध्येचा आणि प्रार्थनेस बसल्यावर उत्तरेचा ठरतो. सांस्कृतिक केंद्रांची गोष्टही अशीच आहे. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोहोंतही महाराष्ट्राचा समावेश आहे.

यांपैकी कोणी लबाडी केली, असे मुळीच नाही. रेल्वेस गाड्या चालवावयाच्या आहेत, मंडळीस आपल्या सभासदांची व्यवस्था पाहावयाची आहे, परिषदेस शेजारच्या राज्यांतील तंटे मिटवावयाचे आहेत. ज्याचे जसे काम तशी त्याची सीमा. आणि काम बदलले की सीमाही बदलते. याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे आजचे कर्नाटक. १९५६ च्या मूळ कायद्यात म्हैसूर राज्य मुंबई राज्याबरोबर पश्चिम विभागात घातले होते. पुढे ते दक्षिण विभागात गेले. त्या वेळी बेळगावची जमीन तसूभरही हलली नाही. त्या पहिल्या वर्षांत परीक्षेचा पेपर असता, तर 'कर्नाटक पश्चिमेत' हे उत्तर बरोबर ठरून 'दक्षिणेत' या उत्तरावर फुली पडली असती.

कोणी म्हणेल की, कायदे माणसांनी केलेले, ते बदलणारच. निसर्गाला विचारा, तो एकच उत्तर देईल. तेही करून पाहू. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. हा कातळ बीडमध्ये आहे, पुण्यात आहे, तसाच तो कर्नाटकाच्या उत्तर भागात, माळव्यात व सौराष्ट्रातही आहे. तेव्हा खडकाची सीमा राज्याच्या सीमेशी जुळत नाही. द्वीपकल्पाचे पठार एवढीच दक्षिणेची व्याख्या केली, तर अरवलीची जी शेवटची सोंड दिल्ली शहरात 'रिज' या नावाने ओळखली जाते, तीही त्या पठाराचाच भाग होय. आणि मग देशाची राजधानीच दक्षिणेच्या कडेवर येऊन बसते!

नद्यांना विचारावे, तर त्या पश्चिम विभागाची थट्टाच करतात. बालाघाटाच्या डोंगररांगा आमच्या जिल्ह्यातून गेल्या आहेत. त्यांच्या उत्तर उतारावरून बिंदुसरा व सिंदफणा यांचे पाणी गोदावरीला जाते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा दूरचा वळसा घेऊन अखेर गोदावरीलाच मिळते. आणि आष्टी तालुक्याच्या कडेने वाहणारी सीना भीमेला व भीमेच्या द्वारे कृष्णेला मिळते. गोदावरी काय आणि कृष्णा काय, दोघीही पूर्व समुद्राला जातात. आमचे राज्य पश्चिमेचे खरे, परंतु आमच्या जिल्ह्यातील ओढ्यानाल्यांचा एक थेंबही पश्चिम समुद्राला मिळत नाही.

आता माणसांकडे वळू. भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, म्हणून उत्तरेची, असे कोणी निकराने सांगेल. ते खरेच आहे. पण सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी आपल्या भाषा-पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात मराठीचा विचार केला, तेव्हा त्या कुळातही तिला 'दक्षिण शाखा' म्हणून निराळे काढावे लागले. नातेसंबंधांचे पाहा. मामाच्या मुलीशी विवाह उत्तरेकडील बहुतेक समाजांत निषिद्ध आहे. आपल्याकडे कित्येक जातींत तो रूढ आहे, व त्याच्या खुणा भाषेत इतक्या मुरल्या आहेत की, ज्या घरी असे लग्न कधी झाले नाही तेथेही सून सासऱ्यास 'मामा' आणि सासूस 'आत्याबाई' म्हणते. ही रीत दक्षिणेची आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार पट्टे मानून महाराष्ट्रास मध्य पट्ट्यात स्थान दिले; कारण दोन्हीकडच्या चालीरीती येथे एकत्र आढळतात. त्या ग्रंथात आपण पश्चिमेचेही नाही व निखळ दक्षिणेचेही नाही!

पंचांगाची साक्षही अशीच आहे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून एकाच दिवशी येणारी गोकुळाष्टमी आपण श्रावणातली म्हणतो व मथुरेचे लोक भाद्रपदातली म्हणतात. उलट आपला गुढीपाडवा आणि तेलुगू व कन्नड लोकांचा उगादी हे एकाच दिवशी येतात. धान्याचे म्हणाल, तर उत्तरेची खूण गहू आणि दक्षिणेची खूण तांदूळ असे पुस्तके सांगतात. आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कणगीत पिढ्यान्‌पिढ्या या दोहोंपैकी एकाचाही मान नव्हता. तेथे ज्वारी होती, बाजरी होती. ज्वारीचा हा पट्टा बीडहून सोलापुरास व सोलापुराहून कलबुर्गीस अखंड जातो, वाटेत भाषा बदलते तरी भाकरी बदलत नाही. त्या मुलीने नेमके हेच पाहिले होते.

आणि इतिहास काय म्हणतो? इसवी सन १५० च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामन् याचा जुनागडचा शिलालेख सातकर्णी राजास 'दक्षिणापथाचा स्वामी' म्हणतो. सातवाहनांचे पैठण आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात दक्षिणापथाच्या बाजारपेठा म्हणून पैठण व तगर यांची नावे येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. त्या ग्रीक नाविकाला 'दक्षिण' हा शब्द ऐकवला गेला तो आपल्याच मुलखासंबंधाने. 'दख्खन' हे त्याच शब्दाचे पुढचे रूप होय. मोगलांच्या अमलात दख्खनच्या सुभ्यांचे ठाणे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे होते. अठराव्या शतकात मराठे उत्तरेत गेले तेव्हा तेथील लोक त्यांना 'दक्षिणी' म्हणत. १७६३ साली आमच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशवे व निजाम यांची जी लढाई झाली, ती या दख्खनमधील वर्चस्वासाठीच होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ साली जो इतिहास लिहिला, त्याच्या नावात दख्खनच आहे. त्याच वर्षी पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. आणि १९३० साली मुंबई-पुणे गाडी सुरू झाली तिला 'डेक्कन क्वीन' असे नाव दिले. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे ज्या प्रदेशाला जगाने दक्षिण म्हटले, त्याच प्रदेशातील मुलीने 'दक्षिण' असे लिहिले, म्हणून मी तिचा गुण कापला.

आमच्या जिल्ह्यापुरते सांगावयाचे, तर हा फेरबदल एका आयुष्यातही पाहावयास मिळतो. १९४० साली येथे जन्मलेला एखादा शेतकरी घ्या. तो जन्मला तेव्हा त्याची राजधानी हैदराबाद होती. वडिलांचे कोर्टकज्जे तिकडे चालत, वरच्या शाळेत उर्दू चाले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्याचा नागरिक झाला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा. हैदराबाद शहर दक्षिण विभागात राहिले, आणि तो मात्र सोळाव्या वर्षी दाराबाहेर पाऊलही न टाकता पश्चिमेचा झाला. त्याची विहीर तीच, बैल तेच, बोलीही तीच. बदलला तो कागद. यात तक्रार करण्याजोगे काही नाही. आपल्या भाषेच्या राज्यात येणे ही आनंदाचीच गोष्ट होती. पण कागदावरची दिशा ही जमिनीवरची वस्तू नव्हे, एवढे यावरून स्पष्ट होते.

ही अडचण केवळ आपल्या देशाची नाही. आपण ज्याला आशिया खंड म्हणतो, त्याचेच पाहा. नव्या करारात आशिया हे नाव वारंवार येते. परंतु तेथे त्याचा अर्थ अवाढव्य खंड असा नसून इफिस हे प्रमुख नगर असलेला एक रोमी प्रांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग, असा आहे. प्रकटीकरणाच्या ग्रंथातील आशियाच्या सात मंडळ्या त्याच प्रांतातल्या. पौल त्रोवसाहून जहाजात बसून मासेदोनियास गेला, तेव्हा आपण एका खंडातून दुसऱ्या खंडात सुवार्ता नेली असे आजचे उपदेशक सांगतात. त्याच्या दृष्टीने मात्र तो एकाच रोमी साम्राज्याच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला होता. युरोप व आशिया यांच्यामधील सीमा प्राचीन ग्रीक लोक डॉन नदीवर मानीत. ती उरल पर्वतावर नेण्याची कल्पना अठराव्या शतकातली. स्ट्रालेनबर्ग नावाच्या स्वीडिश अधिकाऱ्याने १७३० च्या आपल्या पुस्तकात ती मांडली. एवढ्या मोठ्या दोन खंडांमधली सीमाही अशी पुस्तकातून सरकते, तर आपल्या चार दिशांची काय कथा! वर्तमानपत्रांतील 'मध्यपूर्व' हा शब्दही असाच. तो युरोपात बसून केलेला आहे; बीडमध्ये उभे राहून पाहिले तर यरुशलेम आपल्या पश्चिमेस आहे.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, "मग सर, काहीही लिहिले तरी चालेल, असेच ना?" मुळीच नाही, आणि हा गैरसमज होऊ नये म्हणूनच पुढील मजकूर लिहीत आहे. सीमा माणसांनी ठरवलेली असली म्हणून ती खोटी ठरत नाही. शेताचा बांधही माणसानेच घातलेला असतो; म्हणून तो कोरणाऱ्यास आपण निर्दोष म्हणत नाही. मुद्दा असा की, प्रत्येक सीमा कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. तंटे मिटवण्यासाठी कोणती राज्ये एकत्र बसतात, असे विचारले तर 'पश्चिम' हे उत्तर बरोबर आहे व 'दक्षिण' हे चूक आहे. पाणी कोणत्या समुद्रास जाते, असे विचारले तर उत्तर पूर्व आहे व तेथे दुसरे उत्तर नाही. प्रश्न पुरा असला की उत्तरही निश्चित असते. प्रश्न अर्धवट ठेवून उत्तर मात्र पक्के मागणे, हा अन्याय आहे. आणि तो मी केला.

तथापि, केवळ 'ज्याचे त्याचे खरे' असे म्हणून मोकळे होणे हे लेखकाने पळ काढण्यासारखे होईल. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. मुलांना देशाची ओळख करून देताना केवळ चार दिशांच्या पेट्यांत राज्ये भरण्याची रीत सोडून द्यावी. दिशा नेहमी कोणत्या तरी ठिकाणाहून मोजली जाते, आणि आपल्या पुस्तकांतील दिशा दिल्लीत उभे राहून मोजलेल्या असतात. त्याऐवजी 'दख्खन' हा एक स्वतंत्र प्रदेश म्हणून शिकवावा. सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला असलेले, काळ्या कातळाचे व काळ्या मातीचे, ज्वारी खाणारे, अमावास्येला महिना संपवणारे, मामाच्या नात्याला मान देणारे, गोदा-भीमा-कृष्णेचे हे पठार मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी उर्दू या चार भाषा बोलते. तो उत्तरेचा शेवटही नाही किंवा दक्षिणेची केवळ सुरुवातही नाही. त्याला त्याचे स्वतःचे नाव आहे व ते फार जुने आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सारा महाराष्ट्र दख्खनमध्ये बसत नाही. कोकण भात खाते व पश्चिम समुद्राकडे पाहते. खानदेशाची तापी पश्चिमेस वाहते. विदर्भाच्या पूर्व भागातही भाताचीच शेती आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की, राज्याची सीमा व प्रदेशाची सीमा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका राज्यात दोन-तीन प्रदेश नांदू शकतात, आणि एक प्रदेश दोन-तीन राज्यांत पसरू शकतो. राज्याची सीमा रेषाच असली पाहिजे, कारण तिच्यावर सारा, पोलीस व न्यायालय अवलंबून असतात. प्रदेशाची कड मात्र बालाघाटाच्या उतारासारखी रुंद असते. माथा कोठे संपला व गंगथडी कोठे लागली, हे चालणाऱ्याला पावलागणिक सांगता येत नाही. पण खाली उतरल्यावर आपण गंगथडीत आलो, हे त्याला कळतेच.

दुसरा आक्षेप शिक्षकबंधूंचा. ते म्हणतील की, परीक्षेला एकच उत्तर लागते. इतका विचार आठवीच्या मुलास झेपणार नाही. माझा अनुभव उलट आहे. हा विचार मला एका आठवीच्या मुलीनेच शिकवला. 'महाराष्ट्र कोणत्या विभागात येतो' याऐवजी 'महाराष्ट्र कोणत्या विभागीय परिषदेचा सभासद आहे' असे विचारावे, किंवा 'महाराष्ट्रास दख्खनचा भाग मानण्यास दोन आधार सांगा' असे विचारावे. एवढा बदल करण्यास शिक्षकाला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, इतकेच.

ही चर्चा केवळ एका गुणाची नाही. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७६ च्या बेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर थांबवली गेली, आणि पुढे चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. या फेरवाटणीच्या निमित्ताने उत्तर विरुद्ध दक्षिण अशी भाषा आपल्या कानांवर येऊ लागली. भाषेचे भांडण निघाले की हीच वाटणी पुढे येते. अशा वेळी मराठी माणसाला कधी इकडचे तर कधी तिकडचे मोजले जाते, आणि तोही सोयीप्रमाणे बाजू घेतो. ज्यांनी दोन्हीकडच्या चालीरीती घरात सांभाळल्या, त्यांना या भांडणात एक निराळे काम आहे, असे मला वाटते: एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगण्याचे. पण आपण पेटीत बंद केलेले राज्य आहोत असे जर मुले लहानपणापासून घोकत राहिली, तर ते काम त्यांच्या हातून कसे होणार?

आणि त्या मुलीच्या घरी तर सीमेचा प्रश्न याहून जवळचा आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कोयत्यावरची माणसे आमच्या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ऊस तोडणाऱ्या हातांना कोणीही सीमेवर अडवत नाही. सीमा आडवी येते ती त्यांच्या मुलांना. फडाशेजारची शाळा कन्नड भाषेची असते. गावातल्या शाळेच्या हजेरीपटावर नाव असते, मूल मात्र नसते. इकडच्या हिशेबी ते गैरहजर व तिकडच्या हिशेबी ते परके. हंगामी वसतिगृहे निघाली, कित्येक आजी-आजोबांनी नातवंडे जवळ ठेवून घेतली, म्हणून काही मुले शाळेत टिकली. त्यांतलीच ती एक. ऊस राज्याची सीमा ओलांडून तोडला जातो, तर त्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी सीमेपाशी येऊन का थांबावी? एका कामासाठी आखलेली रेषा दुसऱ्या कामात कशी नडते, हे यावरून दिसेल.

एकदा एका शास्त्र्याने प्रभू येशूला, शेजारी म्हणावे तरी कोणाला, असे विचारले होते. विचार केला तर तो सीमेचाच प्रश्न होता. कोणापर्यंत माझे कर्तव्य आहे व कोठून पुढे नाही, हे त्याला नेमके ठरवून हवे होते. प्रभूने रेषा आखून दिली नाही. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. आणि त्या गोष्टीत थांबून जखमा बांधणारा निघाला तो शोमरोनी, म्हणजे त्या शास्त्र्याच्या व्याख्येप्रमाणे सीमेबाहेरचा. यहूदा व शोमरोन यांमधील सीमा त्या दिवशी पुसली गेली, असे नाही. परंतु ती सीमा कशासाठी वापरू नये, हे कायमचे सांगून ठेवले गेले.

आपल्या भाषेतच याची सोय आहे. हिंदीत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही जातो' म्हटले की ऐकणारा वगळला जातो, 'आपण जाऊ' म्हटले की तो आत येतो. असा भेद तेलुगूत आहे, तमिळात आहे, आणि अभ्यासक तो दक्षिणेकडील भाषांच्या सहवासाशी जोडतात. 'आम्ही' हा शब्द टाकून देता येणार नाही. प्रत्येक गावाला, राज्याला व मंडळीला त्याची गरज आहे. पण भूगोलाचा तास 'आपण' या शब्दाने सुरू व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

पुढच्या सोमवारी मी वर्गात ती उत्तरपत्रिका मागून घेतली, फुली खोडली, व सर्वांसमक्ष माझा प्रश्न अपुरा होता असे सांगितले. गुण एकच वाढला. ती मुलगी म्हणाली, "मग सर, दक्षिण कोठे सुरू होते?" मी तिला म्हटले की, कोणत्या कामासाठी विचारतेस ते आधी सांग, मग आपण दोघे मिळून शोधू. तिने विचार करून सांगते, असे म्हटले आहे. मी वाट पाहत आहे.